बाबांना साधं पाणी मागता येत नाही, पण भजनातला अख्खा गजर शब्दन्‌शब्द गातात. मेंदूत हे कसं होतं?

खाडीपलीकडची

नमस्कार. आम्ही आचऱ्याकडचे. पावसाच्या सुरुवातीला बाबांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि तेवढा भाग गेला असं सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले. आता धरून धरून पाय टाकतात, हात अजून तसाच आहे. आपण बोललेलं बऱ्यापैकी समजतं, टॉवेल मागितला की टॉवेलच देतात. पण स्वतः बोलायला गेले की काहीही सांगायचं असो, तोंडातून "होय तर, होय तर" एवढंच येतं आणि मग स्वतःच वैतागतात.

बाबा आयुष्यभर भजनात बुवा, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, पंचक्रोशीत नाव होतं. परवा संध्याकाळी त्यांच्या मंडळातले लोक बघायला आले, कोणीतरी पेटी काढली, काकांनी गजराची पहिली ओळ उचलली आणि बाबांनी पुढचा अख्खा गजर गायला, एक शब्द चुकला नाही, जोडाक्षरंसुद्धा स्वच्छ. आम्ही सगळे रडायला लागलो. आणि गजर संपल्यावर लगेच त्यांना पाणी हवं होतं तर परत "होय तर, होय तर" आणि तांब्याकडे बोट.

तेव्हापासून घरात नवीनच सुरू झालंय. काकांचं म्हणणं, गाताना येतं मग बोलताना का येत नाही, मनावर घेत नाहीत. एका नातेवाईकाने तर सरळ नाटक करतात म्हटलं. त्यात परवा राग आला तेव्हा एक शिवी अगदी साफ बाहेर पडली, तर तोही पुरावा झाला. देवाक गाऱ्हाणं घाला म्हणाले, तेही घातलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण येणारा प्रत्येक माणूस समोर बसून "बोला, बोला की" करतो आणि बाबा मान फिरवतात, ते बघवत नाही. मेंदूचा कुठला भाग काय करतो आणि एक गेलं तरी दुसरं कसं राहतं, हे कोणी नीट सांगेल का, म्हणजे मी घरच्यांना सांगू शकेन.

वाचा_रत्नागिरी

ताई, मी रत्नागिरीत स्पीच थेरपी करते, आणि पहिलं हे सांगते की बाबा नाटक करत नाहीयेत. तुम्ही लिहिलेलं एकूण एक लक्षण एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं, त्याला अफेझिया म्हणतात, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे भाषा अडकणं. काकांना हे वाचून दाखवा.

मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, कारण मेंदूतून खाली येणाऱ्या बहुतेक नसा मानेच्या वर, जिथे मेंदू संपून मणका सुरू होतो त्याच्या जरा आधी, एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात. म्हणून गुठळी डावीकडे आणि लुळेपणा उजवीकडे. आणि बहुतेक माणसांत बोलण्याचं कामसुद्धा डावीकडेच असतं, उजव्या हाताने काम करणाऱ्यांत साधारण 95 टक्के लोकांत आणि डावखुऱ्यांतही सुमारे 70 टक्के लोकांत. आता हात आणि चेहरा हलवणारी पट्टी आणि बोलणं रचणारा भाग हे शेजारी शेजारी आहेत आणि एकाच मोठ्या रक्तवाहिनीवर पोसले जातात. ती बुजली की हात, तोंड आणि वाचा एकदम जाते. पायाची जागा त्याच पट्टीत पण मेंदूच्या आतल्या कडेला, तिथे रक्त बरंचसं दुसऱ्या वाहिनीतून येतं, म्हणून पाय सुधारला आणि हात मागे राहिला असं खूप पेशंटमध्ये दिसतं. तुमच्या बाबांचं बहुतेक तेच असावं.

पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे लेबोर्न्य नावाचा एक पेशंट आला होता, खूप वर्षं हॉस्पिटलमध्येच राहिलेला. त्याला सगळं समजायचं पण बोलायला गेला की "टॅन टॅन" एवढंच यायचं, इतकं की त्याचं नावच टॅन पडलं. त्याचीही उजवी बाजू लुळी, आणि चिडला की त्याच्याही तोंडून अख्खी शिवी यायची. तो गेल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात खराबी होती, त्या जागेला आज ब्रोका एरिया म्हणतात. पुढे 1874 साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी उलटे पेशंट दाखवले, ते घडाघडा बोलतात पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोललेलं कळत नाही, तिथे खराबी मागे, कानाच्या वरच्या भागात. तुमच्या बाबांना समजतंय म्हणजे तो मागचा भाग बराचसा वाचलाय, ही मोठी जमेची बाजू आहे.

आता गाणं. सूर, चाल, ठेका हे काम एकट्या डाव्या मेंदूचं नाही, उजवा मेंदू त्यात भरपूर असतो, आणि बाबांचा उजवा मेंदू शाबूत आहे. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं घोटलेलं वाक्य आणि नव्याने जुळवलेलं वाक्य हे मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या जातीचं काम आहे. गजर, आरती, एक ते दहा आकडे, वारांची नावं, रागातली शिवी हे सगळं एका दमात अख्खं बाहेर येतं, शब्द निवडून जुळवावे लागत नाहीत. "मला पाणी दे" हे वाक्य छोटं, पण दर वेळी नव्याने रचावं लागतं, शब्द शोधायचा, क्रम लावायचा, ओठ-जिभेला हुकूम द्यायचा, आणि नेमकं तेच करणारी जागा गेलीय. म्हणून शिवी साफ आणि पाणी अडकलेलं.

आणि हे नवीनही नाही. स्वीडनमध्ये 1745 साली एका माणसाची नोंद आहे, उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळपास बंद, पण आजाराआधी पाठ असलेली चर्चमधली गाणी तो स्वच्छ म्हणायचा, फक्त सुरुवात कोणीतरी बरोबर म्हणून करून द्यावी लागायची. तुमच्या काकांनी पहिली ओळ उचलली तेव्हा नेमकं तेच झालं.

घरात करता येईल ते सांगते. अख्खे गजर रोज म्हणून घ्या, त्यांना बरं वाटेल, घसा आणि श्वास चालता राहील. पण नुसतं पाठ असलेलं गाऊन बोलणं परत येत नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर निराशा होते. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्या, "पाणी दे", "भूक लागली", आणि ते दोन सुरांत, एक खालचा एक वरचा, संथ गा. त्यांचा डावा हात हातात घेऊन प्रत्येक अक्षराला टेबलावर ठोका द्या. आधी तुम्ही गुणगुणा, मग दोघांनी मिळून, मग तुम्ही मध्येच थांबा आणि त्यांना पुरं करू द्या. हळूहळू सूर कमी करत बोलण्याकडे न्यायचं. ही पद्धत बोस्टनच्या डॉक्टर-थेरपिस्ट मंडळींनी 1973 साली मांडली. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण समजणं चांगलं आणि बोलणं अडकलेलं अशा पेशंटना जास्त येतो. जवळच्या स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवून मगच वाक्यं ठरवा. आणि "बोला, बोला" करणाऱ्यांना बाहेर पडवीत बसवा.

शेवरे_वेंगुर्ला

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या आईचं बरोब्बर उलट झालं होतं, गुठळी उजवीकडे, डावा हात-पाय गेला, आणि बोलणं अगदी टकाटक. त्यामुळे सगळे म्हणायचे डोकं शाबूत आहे, हाताचंच काय ते. पण हळूहळू लक्षात आलं की तिच्यासाठी डावी बाजू नावाची गोष्टच उरली नव्हती. ताटात उजवीकडचा भात आणि आमटी संपवायची आणि डावीकडचा तळलेला बांगडा तसाच, आणि वर माझ्या बायकोला विचारायची, आज मासे नाय हाडलं? आवडीचा बांगडा समोर असून ती असं म्हणते म्हटल्यावर आम्ही डोळे तपासून आणले, डोळ्यात काही नाही. बायकोने एक दिवस ताट नुसतं फिरवलं, तर लगेच बांगडा उचलला आणि खाल्ला. केस विंचरायची तेही उजव्याच बाजूचे. डावीकडून कोणी आत आलं तर हाकसुद्धा उजवीकडे बघून मारायची. एकदा स्वतःचा डावा हात पांघरुणाखाली लागला तर म्हणाली, हो कोणाचो हात हय ठेवलो?

डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, तर गोल नीट काढला आणि बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. तेव्हा त्यांनी समजावलं की उजव्या मेंदूचा वरचा-मागचा भाग, पॅरायटल लोब, आजूबाजूच्या जागेकडे लक्ष ठेवतो, तो गेला की डावीकडचं दिसत असूनही जाणवत नाही, आणि पेशंटला स्वतःला काही कमी आहे हेसुद्धा वाटत नाही. म्हणून तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. आम्ही ताटाच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवली, जेवताना "लाल कड शोध" म्हणायचो, डाव्या हातात जास्त बांगड्या घातल्या आणि बोलायला मुद्दाम डावीकडे बसायला लागलो. वेळ लागला पण पुष्कळ फरक पडला. ताई, तुमच्या घरी जसं नाटक म्हणतात तसं आमच्याकडे "हट्टी झाली" म्हणायचे. दोन्ही ठिकाणी बिचारा पेशंटच बोलणी खातो.

चिपळूणची_आई

छान माहिती मिळतेय, जरा वेगळा प्रश्न विचारते. आमच्याकडे मध्यंतरी एका क्लासवाल्यांनी पालकांची मीटिंग घेतली, डावा मेंदू गणित आणि तर्काचा, उजवा कलेचा, आणि मधला मेंदू मुलांमध्ये बंद असतो तो आम्ही चालू करतो, मग मूल डोळ्याला पट्टी बांधून वाचतं. फी हजारोंत. आमच्या ओळखीच्या दोघांनी भरली. तुम्ही लोक डावा-उजवा म्हणताय म्हणून विचारते, मग ते पण खरं का?

मेडिकल_तिसरं_वर्ष

ताई, पैसे भरू नका, आणि ज्यांनी भरलेत त्यांनी परत मागा. मधला मेंदू, मिडब्रेन, हा मेंदूच्या देठातला दोनेक सेंटीमीटरचा भाग आहे आणि तो जन्मापासून चालूच असतो. डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुली लहान होणं, जागं राहणं हे त्याच्या कामांपैकी. त्यातल्या एका काळसर पट्ट्यातल्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सनचा कंप येतो. तो भाग खरंच बंद पडला तर मूल वर्गात बसून पट्टी बांधून घेणार नाही, बेशुद्ध पडेल. आणि पट्टी बांधून वाचणं हे नाकाच्या कडेने फटीतून बघणं असतं, पुस्तक सरळ वर धरा किंवा पट्टी कडेने नीट बंद करा, वाचन थांबतं. मुलांना खोटं बोलायला शिकवून त्याचे पैसे घेतले जातात याचा मला मनापासून राग येतो.

डावा-उजवा हे अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच विकायला सोपं जातं. भाषेचं काम डावीकडे झुकलेलं, जागेचं भान उजवीकडे झुकलेलं, इथपर्यंत बरोबर. पण निरोगी माणसात दोन्ही अर्धे जाड दोरखंडासारख्या नसांनी जोडलेले असतात आणि गणित करताना, चित्र काढताना दोन्ही बाजू कामाला लागतात. डाव्या मेंदूचं मूल, उजव्या मेंदूचं मूल असं काही नसतं.

आणि वरती वाचाताईंनी ब्रोकांचं सांगितलं त्यात एक भर घालतो. त्या लेबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे, 2007 साली त्याचं एमआरआय केलं तेव्हा दिसलं की खराबी ब्रोकांना वरून दिसली त्यापेक्षा खूप खोलवर गेली होती, भागांना जोडणाऱ्या तारांपर्यंत. त्यामुळे हल्ली असं मानतात की एक काम एका ठिपक्यात नसतं, बरेच भाग आणि त्यांच्यातली जोडणी मिळून ते होतं, काही ठिकाणं त्यात जास्त महत्त्वाची. हे पेशंटच्या दृष्टीने चांगलं आहे, कारण आजूबाजूचे आणि पलीकडचे भाग थोडंफार काम उचलू शकतात, आणि थेरपी म्हणजे तेच करून घेणं.

हर्णे_बंदर

माझं पण लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. माझे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आख्खी हयात समुद्रात गेली, वादळातसुद्धा बोटीवर सरळ उभे राहणारे. एक दिवस सकाळी बंदरावर उतरले ते हेलपाटायला लागले, ओकारी, सगळं गरगरतंय म्हणाले. हात उचलता येत होता, तोंड सरळ, बोलणं जरासं जड. लोकांना वाटलं घेतलेली आहे, घरी आणलं तर पित्त म्हणून लिंबूपाणी दिलं आणि झोपवलं. जवळच्या दवाखान्यातपण पित्ताचीच गोळी मिळाली. दुसऱ्या दिवशी एमआरआय झालं तेव्हा कळलं लहान मेंदूत, डोक्याच्या अगदी मागे खाली असतो तो, तिथे स्ट्रोक होता. तोल आणि हालचालीतली अचूकता तो सांभाळतो. आणि तिथे उलटसुलट नाही, लहान मेंदूची उजवी बाजू बिघडली तर शरीराची उजवीच बाजू बिघडते. वडिलांना आता चालता येतं, पण जाळं दुरुस्त करायला बसले की उजवा हात दोऱ्याजवळ पोचता पोचता थरथरतो आणि गाठ चुकते. ताकद पूर्ण आहे, वल्हं मारतील, पण गाठ नाही बसत.

सगळे सांगतात चेहरा वाकडा, हात खाली, बोबडं बोलणं बघा. ते बघाच, पण त्यात अचानक गेलेला तोल आणि अचानक दोन-दोन दिसणं किंवा दिसेनासं होणं हेही धरा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. आपल्याकडे गावातून तालुका, तालुक्यातून जिल्हा, नाहीतर घाट चढून कोल्हापूर, यातच ते तास जातात. म्हणून ज्या हॉस्पिटलात सीटी आहे तिथेच पहिलं जा, आधी फोन करून विचारा, आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर काकांना, आईला बसवून सगळं वाचून दाखवलं. काका बराच वेळ गप्प होते, मग स्वतःच म्हणाले सुरुवात मी करून देत जाईन रोज. त्या टॅनचं ऐकल्यावर आईने तर बाबांचा हातच धरला.

ठोका देऊन "पाणी दे" करून बघतोय. अजून "पा" येतो आणि अडकतं, पण "होय तर" ऐवजी "पा" आला हेच आमच्यासाठी खूप आहे. एक विचारायचं राहिलं. आम्ही घरात मालवणी बोलतो, बाबा शाळेत शिक्षक होते त्यामुळे बाहेर सगळं शुद्ध मराठी, भजनंही मराठी. सराव कशात करायचा? आईने "पाणी होया?" विचारलं की ते जास्त पटकन मान हलवतात असं मला वाटतंय.

वाचा_रत्नागिरी

"पा" आला ही खरंच चांगली बातमी आहे, लिहून ठेवा तारीख घालून.

भाषेचा प्रश्न अगदी बरोबर विचारलात. दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसांत कुठली आधी परत येते यावर दीडशे वर्षं वाद चाललाय. 1880 च्या दशकात रिबो नावाचे फ्रेंच अभ्यासक म्हणाले लहानपणी पहिली शिकलेली भाषा आधी येते, 1895 साली पित्र नावाचे फ्रेंच डॉक्टर म्हणाले नाही, आजाराच्या आधी जी सगळ्यात जास्त वापरात होती ती येते. प्रत्यक्षात पुष्कळांत दोन्ही बरोबरीने सुधारतात आणि काहींत एकच पुढे जाते, आधी सांगता येत नाही. तुमच्याकडे मालवणी पहिलीही आहे आणि घरातली रोजचीही आहे, आणि बाबा तिला जास्त प्रतिसाद देतायत, मग सरळ "पानी दी" वर ठोका द्या. शिक्षक होते म्हणून शुद्धच बोललं पाहिजे हा आग्रह घरातल्या कोणी धरू नये. एका वेळी एकच वाक्य, एकाच बोलीत, आणि आई आणि काका दोघांनी तेच वाक्य तसंच म्हणायचं. पहिले काही महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते म्हणून आत्ता सराव सोडू नका, पण नंतर थांबतेच असं नाही, दोन वर्षांनी नवीन शब्द आलेले पेशंट मी पाहिलेत.

एक गोष्ट मी पहिल्यांदाच विचारायला हवी होती. जेवताना, विशेषतः पाणी, चहा किंवा पातळ पेज घेताना बाबांना ठसका लागतो का, किंवा घोट घेतल्यावर आवाज घोगरा, ओला येतो का? बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू तेच. पातळ पदार्थ चुकून श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो आणि सुरुवातीला कळतही नाही. असं काही असेल तर गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पातळ काही देऊ नका. तोपर्यंत आडवं झोपवून काहीही भरवायचं नाही, ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, लहान घास, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. आणि तोंडात घास असताना गजर म्हणायला लावू नका.

खाडीपलीकडची

ठसका लागतो, चहाला जास्त. आम्ही म्हटलं घाईने पितात म्हणून. उद्याच सकाळी दाखवते आणि इथे कळवते.